पसरणीचा घाट आणि मेणाचा पहारेकरी

महाराष्ट्रातल्या शहरी कुटुंबांना पसरणीचा घाट जितका ओळखीचा आहे, तितके दुसरे घाट थोडेच असतील. नव्या जोडप्याची पहिली सहल असो, शाळेची ट्रिप असो, की मे महिन्यात मुलांना घेऊन चार दिवस थंड हवेला जाणे असो. पुण्याकडून महाबळेश्वरला निघालेला माणूस वाई मागे टाकून बहुधा याच घाटाने वर चढतो. खाली कृष्णेचे खोरे, उसाचे आणि हळदीचे हिरवे चौकोन, वळणागणिक लहान होत जाणारी वाई, आणि मागच्या बाकावर कोणाला तरी हमखास होणारी मळमळ, एवढ्या आठवणी बहुतेकांच्या संग्रही असतात.

परंतु हा घाट आपण पाहतो तो खिडकीतून. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरांवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरांवर. मधले अंतर बारा-तेरा किलोमीटरांचे. एवढ्या चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिनाच्या पोटात काय होत असेल, याचा विचार करण्याचे उतारूंना कारण नसते. वयाने मोठ्या वाचकांना मात्र एक देखावा खचित आठवेल. वळणावर बोनेट उघडून उभी असलेली मोटार, वाफेचा लोट, आणि हातात डबा घेऊन पाणी शोधायला निघालेला क्लीनर! हा देखावा आता दुर्मिळ झाला आहे. तो का दुर्मिळ झाला, आणि एखाद्या गाडीच्या नशिबी अजूनही का येतो, हे मला गेल्या डिसेंबरात समजले. ते समजण्यासाठी माझ्या भाच्याच्या पिकअपमध्ये पुढच्या बाकावर बसावे लागले.

माझी धाकटी बहीण वाईला असते. मी पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो. वर्षातून आठ दिवस तिच्याकडे राहावे, सकाळी घाटावर जाऊन नदी पाहावी, ढोल्या गणपतीपुढे हात जोडावे, आणि दुपारी काही न करता पडून राहावे, हा माझा नेम आहे. वाई हे गावच असे आहे की तिथे काही न करणाऱ्या माणसालाही आपण काही तरी करतो आहोत असे वाटते. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम उभे केले, त्या गावाच्या हवेत विद्वत्तेचा थोडा अंश असायचाच.

भाच्याचा धंदा मात्र विश्वकोशाचा नाही. तो स्ट्रॉबेरीच्या वाहतुकीचा आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर पिकणारी स्ट्रॉबेरी आपण खोक्यात बघतो. ती रातोरात मुंबईला येते कशी हे बघत नाही. हे फळ उन्हाला भिते. सकाळी तोडावे, दुपारी निवडून भरावे, रात्रीच्या गारव्यात घाट उतरावा, आणि उजाडायच्या आत वाशीच्या बाजारात पोचावे, असा त्याचा प्रवास. एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी त्याच फळाला निम्मी किंमत देणारेही नाक मुरडतात. भाच्याने कर्ज काढून पिकअप घेतली होती, तीही दुसऱ्याच्या हातची. भिलारच्या चार-पाच शेतकऱ्यांचा माल तो नेमाने नेत असे, आणि हंगाम नुकताच रंगात आला होता.

"मामा, पहाटे साताऱ्याला खोकी आणि खत आणायला चाललोय. येता का? परत येऊन तसेच भिलारला जाऊ. तुम्हाला पुस्तकांचं गाव बघायचंय ना?"

भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ च्या मे महिन्यात जाहीर झाले. घराघरांत पुस्तकांची कपाटे आहेत, कोणीही जावे, बसावे, वाचावे. मला ते बघायचेच होते. मी तयार झालो.

पहाटे साताऱ्याहून गाडी भरून निघालो तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. मी भाच्याला म्हटले, "अरे, तुझ्या गाडीत ते गरम हवेचे यंत्र असेल ना? लाव की जरा."

त्याने खटका फिरवला. पंखा घरघरला आणि बाहेर होती त्याहून गार हवा पायांवर आली. भाचा हसला. "ते नावालाच आहे. पण मामा, एक गोष्ट बघा. हा काटा बघा. आनेवाडी आली तरी तळालाच आहे. ही गाडी गरम म्हणून होत नाही. आधीच्या मालकानं काम करून घेतलंय. त्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकलाय. पाणी कसं मोकळं फिरतं!"

हे तो अशा अभिमानाने म्हणाला, जसा एखादा बाप आपल्या मुलाला कधी ताप येत नाही असे सांगतो. पाचवडला हमरस्ता सोडून आम्ही वाईकडे वळलो. बहिणीकडे चहा झाला, तिने पोळी-भाजीचा डबा बांधून दिला, आणि आठाच्या सुमारास पसरणी गाव मागे टाकून गाडी घाटाला लागली. शाहीर साबळ्यांचे हे गाव. ते मागे पडेपर्यंत भाचा त्यांच्याच गोष्टी सांगत होता.

पहिली चार वळणे ठीक गेली. मग भाचा बोलेनासा झाला. त्याची नजर रस्त्यावरून काट्यावर आणि काट्यावरून रस्त्यावर जाऊ लागली. तासभर तळाला झोपलेला काटा उठला होता. अर्धे वर्तुळ त्याने केव्हाच ओलांडले होते, आणि तो तांबड्या रेघेकडे निघाला होता. भाच्याने जागा बघून गाडी कडेला घेतली. मी उतरून मागच्या चाकांना दगड लावले. बोनेटच्या फटींतून वाफ येत होती.

भाचा फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला. मी त्याचा हात धरला. या बाबतीत माझे विज्ञान उपयोगी पडले. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळते. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. पाचगणीला ते ९६ अंशांच्या आतबाहेरच उकळते. म्हणून मोटारीच्या रेडिएटरला घट्ट, स्प्रिंगचे झाकण असते. ते आतला दाब वाढवते, आणि दाबाखालचे पाणी ११०-११५ अंशांनाही उकळत नाही. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरचे जे तत्त्व, तेच हे. पण गरम गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, ते तापलेले पाणी त्याच क्षणी उकळून उसळते आणि उघडणाऱ्याचा हात-तोंड भाजते. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखेच ते आहे.

"पाऊण तास थांबायचे. इंजिन हाताला सोसेल इतके निवू दे."

"पण मामा, पाच वाजेपर्यंत भिलारला पोचलो नाही तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही. थोड्या वेळाने तो स्वतःशीच म्हणाला, "हेड वाकलं असलं तर हंगाम गेला."

आम्ही थांबलो. खाली वाई उन्हात चमकत होती. अशा वेळी घाटाचे सौंदर्य कोणाला दिसत नाही हे खरे असले, तरी मला ते दिसले आणि दिसल्याची थोडी लाजही वाटली. इतक्यात वरून रिकामी उतरणारी दुसरी पिकअप थांबली. तिचा चालक खाली उतरला, आत डोकावला, आणि जाणकाराच्या थाटात म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाक. सगळ्यांनी काढलेत. गाडी गार राहते."

"काढलेलाच आहे," भाचा म्हणाला.

तो गृहस्थ काही वेळ उभा राहिला. मग त्याने आम्हाला पाण्याचा कॅन दिला आणि आणखी सल्ला न देता निघून गेला. औषध आधीच घेऊन झालेल्या रोग्यापुढे वैद्याने दुसरे काय करावे?

इंजिन निवल्यावर झाकणावर जाड फडके धरून ते आधी थोडेच फिरवले, राहिलेला दाब सोडला, मग उघडले आणि हळूहळू पाणी भरले. वर जाण्यात अर्थ नव्हता. चाकांचे दगड आठवणीने उचलून कठड्याकडे ठेवले, कारण घाटात टाकून दिलेला दगड पुढच्या वळणावरच्या दुचाकीवाल्याचा काळ असतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली आलो. उताराला इंजिनाला ओझे नसते. काटा पुन्हा तळाला जाऊन झोपला.

वाईत बाजाराच्या पलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. पत्र्याचे छप्पर, पुढे एक निंब, हाताशी बारा-तेरा वर्षांचा नातू, शाळेला सुट्टी असली की मदतीला येणारा. त्यांनी गाडी बघितली नाही, आधी भाच्याला विचारले, "सपाटीला काटा कुठं असतो?"

"तळाला."

"आणि घाटाला?"

"आज तांबड्याला गेला."

"थर्मोस्टॅट काढलाय," मिस्त्री म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मग निंबाखाली बसून, इंजिन आणखी निवेपर्यंत, त्यांनी मला जे सांगितले, त्यात मी माझ्या पुस्तकी ज्ञानाची थोडी भर घालून ते इथे मांडतो. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांना ते उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनाही आवडावे.

इंधनातून जी उष्णता निघते तिचा, ढोबळ मानाने, तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्यातला बहुतेक भाग इंजिनाच्या धातूत राहतो, आणि तो वाहून नेण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. हे पाणी रेडिएटरात जाते, वाऱ्याने निवते, परत येते. एवढे सर्वांना ठाऊक असते, आणि त्यामुळेच समज होतो की इंजिन जितके गार तितके चांगले.

"गुरुजी, गार इंजिन म्हणजे अर्धवट पेटलेली चूल," मिस्त्री म्हणाले. "धूर होतो, लाकूड जास्त जातं, आणि भात कच्चा."

ते अगदी बरोबर होते. गार इंजिनात इंधन नीट जळत नाही. न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढतो. ज्वलनातून निघालेली पाण्याची वाफ थंड धातूवर निवून तेलात मिसळते आणि तेलाचा काळा चिखल होतो. तेल दाट राहते, झीज वाढते. भाचा अलीकडे डिझेल फार खाते म्हणून कुरकुरत होता, त्याचे एक कारण हेच. पाण्याने साधारण ८० ते ९५ अंशांच्या मध्ये राहावे, अशी इंजिन बांधणाऱ्यांची इच्छा असते. ती पुरी करण्याचे काम त्या काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटचे!

हा थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी. गाडी चालू केली की तो दार बंद ठेवतो. पाणी रेडिएटरकडे न जाता एका आखूड आडवाटेने इंजिनातच फिरत राहते आणि लवकर तापते. ठरलेल्या अंशाला तो दार किंचित उघडतो, आणखी दहा-पंधरा अंश चढले की पुरे उघडतो. पाणी निवले की पुन्हा ओढून घेतो. वीज नाही, तार नाही. मग त्याला अंश कळतात कसे?

मेणाने. एका छोट्या पितळी वाटीत खास जातीचे मेण भरलेले असते, उष्णता लवकर पोचावी म्हणून त्यात बहुधा तांब्याची पूड मिसळलेली असते. मेण वितळले की फुगते. दिवाळीत घरी मेणाच्या पणत्या ओतणाऱ्या मुलींनी हे पाहिले असेल. पातळ मेण काठोकाठ भरावे आणि सकाळी बघावे तर मधोमध खळगा! निवताना मेण आकसले. इथे त्याच्या उलट. बंद वाटीतले मेण फुगते, वाटीतल्या दांडीला बाहेर रेटते. दांडीचे वरचे टोक चौकटीला टेकलेले असल्यामुळे दांडी जात नाही, वाटीच खाली सरकते आणि आपल्याबरोबर दाराची चकती ओढून नेते. निवल्यावर स्प्रिंग तिला परत बसवते.

मेणापूर्वी या कामासाठी पातळ पितळी पत्र्याचा भाता असे, आणि त्यात लवकर वाफ होणारा द्रव. पुढे रेडिएटर दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली तेव्हा तो भाता आजूबाजूच्या दाबानेच फसू लागला. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने १९३४ मध्ये मेणाची युक्ती काढली. मेणाला दाबाची पर्वा नाही. ते फक्त उष्णतेला जुमानते. नव्वद वर्षे उलटली, तरी रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत हीच मेणाची वाटी पाण्याच्या वाटेवर पहारा करते आहे.

"हे सगळे ठीक," मी म्हटले. "पहारेकरी नसेल तर गाडी सपाटीला गार राहील, हे समजले. पण घाटात ती तापली का? दार तर सताड उघडे होते."

मिस्त्री हसले. "सगळे म्हणतात, पाणी जोरात पळतं, त्याला निवायला वेळ मिळत नाही."

हे स्पष्टीकरण मीही पूर्वी ऐकले आहे आणि ते बरोबर नाही. पाणी जोरात फिरले म्हणून त्याची उष्णता घेण्या-देण्याची शक्ती कमी होत नाही. खरे कारण मिस्त्रींनी पुढे दाखवले. त्यांनी फळीवरून एक जुना थर्मोस्टॅट काढला. त्याला दोन चकत्या होत्या, एक वर, एक खाली.

"ही वरची उघडते तेव्हा ही खालची काय करते बघा. ती आडवाट बंद करते. आता हा अख्खाच काढला तर?"

मला लख्ख उजाडले. थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट उघडी राहते हे खरे, पण आडवाटही कायमची उघडी राहते. पाणी आळशी, सोपी वाट धरते. बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालते. सपाटीला, डिसेंबरच्या वाऱ्यात, उरलेल्या पाण्याने भागते, उलट जास्तच गारवा होतो. पण भरली गाडी घाट चढू लागली, वेग कमी, वारा कमी, उष्णता दुप्पट-तिप्पट, की रेडिएटरात निवून येणारे पाणी पुरत नाही. सपाटीचा गारवा आणि घाटातला ताप ही दोन दुखणी नव्हती. एकच उणीव दोन तोंडांनी बोलत होती.

"मग लोक काढतात का?"

"मीही काढलेत," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "जुन्या गाड्यांत लोक विहिरीचं पाणी घालायचे. खार धरायचा, थर्मोस्टॅट अडकायचा, बंद राहिला की इंजिन जायचं. नवा लवकर मिळायचा नाही. काढला की गाडी घरी तरी पोचायची. तेव्हाची कित्येक इंजिनं साधी, आडवाट लहान, चालून जायचं. आता इंजिनं बदलली, सवय राहिली."

काम सुरू झाले. इंजिन पुरते निवल्यावर खालचा खटका उघडून पाणी घमेल्यात घेतले. ते गंजाने तांबूस झाले होते. रेडिएटरच्या वरच्या तोंडापासून निघणारा जाड रबरी होस जिथे इंजिनाला भिडतो, तिथे या गाडीत थर्मोस्टॅटचे घर होते. काही गाड्यांत ते खालच्या होसपाशी असते. दोन बोल्ट काढले, झाकण उचलले. आत पोकळी. पहारेकऱ्याची जागा रिकामी, आणि कडेला जुन्या पॅकिंगचे कपटे. नातवाने ते पात्याने खरवडून दोन्ही तोंडे लख्ख केली.

भाच्याने दुकानातून नवा थर्मोस्टॅट आणला. त्यावर ८२ हा आकडा छापलेला होता. तो बसवायची त्याला घाई. अडीच वाजत आले होते. मिस्त्री म्हणाले, "आधी परीक्षा."

स्टोव्हवर पातेले ठेवले. शेजारच्या डेअरीतून दुधाचा थर्मामीटर आला. मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचे दार बोटांनी किंचित उघडून त्याच्या फटीत एक दोरा धरला आणि दार मिटू दिले. आता थर्मोस्टॅट त्या दोऱ्याला लोंबकळत होता, दाताने दोरा धरल्यासारखा. तो पातेल्यात, तळाला टेकणार नाही असा सोडला. पाणी तापत गेले. ७५. ८०. ८२. ८५. दोरा सुटेना. ९०, ९४. वाईला पाणी ९८ अंशांच्या आतच उकळते. ते उकळू लागले तरी दात घट्ट.

"हा घातला असता तर?" मी विचारले.

"घाटाच्या पायथ्यालाच गाडी उभी राहिली असती. परत कर."

भाच्याचा चेहरा बघवेना. तो पुन्हा धावला. त्या दुकानात दुसरा नव्हता. दुसऱ्या दुकानात मिळाला, थोडा महाग. तरी किंमत काहीशे रुपयांचीच. पुन्हा दोरा, पुन्हा पातेले. या वेळी आम्ही चौघेही त्या पातेल्याभोवती असे उभे होतो, जसे घरात नव्या बाळाच्या पाळण्याभोवती उभे राहतात. ८०. ८१. काटा ८२ ला टेकला न टेकला तोच टप्प असा आवाज झाला. थर्मोस्टॅट दोरा सोडून तळाला पडला होता. नातवाने टाळी वाजवली.

बसवताना मिस्त्रींनी दोन गोष्टी भाच्याला दाखवल्या. मेणाच्या वाटीची, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. उलटा बसवला तर मेणाला तापलेले पाणी लवकर भेटत नाही. आणि चकतीत एक बारीक छिद्र असते, त्यात सैल पिन हलते. ते छिद्र वर आले पाहिजे. पाणी भरताना अडकलेली हवा त्यातून निघून जाते. नवे पॅकिंग घातले, दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, सारखे आवळले. एक आधी घट्ट केला तर झाकण चिरते. मग नुसते पाणी न घालता निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे कुलंट असे मिश्रण हळूहळू भरले, गरम हवेचा खटका उघडा ठेवला, झाकण न लावता इंजिन चालू केले. बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भरले, मग झाकण लावले.

"गुरुजी, वरच्या होसला हात लावा. पंख्यापासून हात लांब."

होस थंड होता. पाच मिनिटे झाली, सात झाली. काटा चढत होता, होस थंडच. भाचा काट्याकडे बघत ओठ चावत होता. आणि मग माझ्या तळव्याखाली तो रबरी होस एकाएकी कोमट झाला, पाहता पाहता चटका देण्याइतका गरम. आत कुठे तरी मेण वितळले होते, आणि पहारेकऱ्याने दार उघडले होते. काटा मध्यावर आला आणि थांबला.

मिस्त्रींनी खाली गळती तपासली आणि मजुरी सांगितली. ती इतकी थोडी होती की भाच्याने न मागता वर काही ठेवले, आणि मिस्त्रींनी ते नातवाच्या वह्यांसाठी म्हणून घेतले.

आम्ही पसरणीचा घाट पुन्हा चढू लागलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सकाळचे वळण आले. आम्ही ठेवलेले दगड कठड्याला तसेच होते. काटा मध्यापासून केसभर वर गेला, पुढच्या वळणाला परत आला. पायांवर गरम हवा येत होती. भाच्याने दांडेघरपर्यंत एक शब्द उच्चारला नाही. मग म्हणाला, "मामा, हेड वाचलं," आणि पाचगणीच्या बाजारातून गाडी नेताना गुणगुणू लागला.

भिलारला पाचच्या आत पोचलो. शेतकरी वाट बघत होते. लाल फळांची खोकी एकेक करून हौद्यात चढत होती. मी समोरच्या घरात पुस्तकांच्या कपाटापाशी बसलो होतो, पण मांडीवरच्या पुस्तकाची पाने फारशी उलटली नाहीत. एका माउलीने बशीत स्ट्रॉबेरी आणून दिल्या. तिचाही माल त्या गाडीत होता. गाडी बिघडल्याचे तिला कळले होते, कारण ती एवढेच म्हणाली, "पोरगं आलं बाई वेळेवर!"

थंड डोक्याचा माणूस आपल्याला आवडतो, पण ज्याच्या मनाला कधी ऊबच येत नाही त्याचा भरवसा कोणी धरत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण गारव्यालाच गुण समजून बसलो आहोत. तुमच्या मोटारीचा काटा हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटांनंतरही तळाला राहत असेल, तर अभिमान न बाळगता मिस्त्रीला दाखवा. आणि तो जर म्हणाला की काढून टाकू, तर नम्रपणे सांगा की नवा घालू, पण आधी पातेल्यात बघू.

अंधार पडल्यावर भाचा निघाला. मी त्या रात्री भिलारलाच राहिलो. घराबाहेर येऊन बघितले तर पिकअपचा मागचा तांबडा दिवा पाचगणीच्या रस्त्याला लागला होता. एका वळणावर तो दिसेनासा झाला, दुसऱ्यावर पुन्हा दिसला, मग घाटाच्या बाजूला गेला. पहाटे उठलो तेव्हा फोनवर त्याचा निरोप होता: "वाशीला पोचलो. भाव बरा मिळाला. काटा मध्यावर."